सासऱ्यांचा फोन आला की गिट पळतं

१

प्रेत सापडलं तेव्हा ते गोल गोल फिरत होतं.

स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढं एक चक्र, आणि त्याच्याभोवती चार माणसं माना खाली घालून उभी. वातावरण इतकं गंभीर की कामिनीने दाराबाहेर चपला काढल्या, मग कुठल्या विधीसाठी काढल्या ते तिचं तिलाच कळेना.

"काय व्हयनं भाऊ?" तिने विचारलं. धुळ्याहून एसटीने ती नुकतीच उतरली होती, आणि घाईत असली की तिच्या तोंडात आधी अहिराणी यायची, मराठी मागच्या गाडीने.

"गिट गेलं," अर्पित म्हणाला.

गिट म्हणजे प्रोग्रामर लोकांची स्मरणशक्ती. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली आणि का बदलली, हे सगळं ते लक्षात ठेवतं. घरातल्या एखाद्या आत्याला कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते आठवावं तसं. ज्या खिडकीत ही मंडळी दिवसभर कोड लिहितात, त्या एडिटरच्या आतच ते बसलेलं असतं. बटण दाबायचं, नोंद पडायची, पुढच्या कामाला लागायचं. या ऑफिसात मात्र बटण दाबून लोक चहा पिऊन येत, कप विसळून येत, आणि चक्र फिरतच असे.

इमारत जळगावच्या बाजारपेठेतली. तळमजल्यावर अर्पितच्या वडिलांचं, दलिचंद शेठचं, डाळीचं दुकान. मधल्या मजल्यावर सॉफ्टवेअर. वरच्या मजल्यावर घर. मधल्या मजल्यावर 'घडगणक' नावाचा प्रोग्राम बनत होता. केळीच्या पॅकिंग शेडमध्ये कॅमेरा बसवायचा, त्याने प्रत्येक खोक्याचा फोटो काढायचा, प्रोग्रामने खोके मोजायचे. रावेरच्या एका शेडमध्ये तो प्रयोगासाठी चालूही झाला होता. भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आकडा पळत होता: रावेर, आजवरचे खोके, बारा लाखांच्या वर.

"प्रगती बघताय ना, मॅडम?" अर्पितने पडद्याकडे हात केला. दुःखातही त्याचा ऊर भरून आला. "आणि अशा वेळी हा घात. पण गुन्हेगार सापडलाय. तुम्ही फक्त शिक्कामोर्तब करा."

त्याने टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलावर शेंडीसकट एक नारळ ठेवला होता.

"हा कोणासाठी?"

"भूषणसाठी. आज संध्याकाळी देणार. हातात नारळ, पायात चपला, आणि यावलची गाडी. मी शपथ घेतलीय, मॅडम. ज्याने गिट मारलं त्याने हा नारळ घ्यायचा आणि घरी जायचं. मग तो कोणीही असो."

कोपऱ्यातला सडपातळ मुलगा नारळाकडे बघत होता. यावलच्या केळीबागांतून आलेला, पहिली नोकरी. कायम होण्याची वेळ आलेली असताना हे उपटलं होतं.

"ताई," भूषण म्हणाला, "सकाळपासून तो नारळ माझ्याकडेच बघतोय."

२

धुळ्यात कामिनीच्या दुकानावर 'संथ संगणक निवारण केंद्र' अशी पाटी होती. मागच्याच महिन्यात साक्रीच्या एका मास्तरांचा संगणक गरम होऊन बंद पडे, तर तिने तो उघडून आतल्या पंख्यातून एक पाल काढून दिली होती. पाल जिवंत होती आणि नाराज होती. तेव्हापासून कामिनीचा एक सिद्धांत पक्का झाला होता: यंत्र आपणहून मरत नाही, त्याच्या आत कोणीतरी बसलेलं असतं.

ती भूषणच्या खुर्चीत बसली. एडिटरच्या बाजूला फोल्डरांची रांग होती. सगळ्यात वर 'श्री' नावाची रिकामी फाइल.

"हे काय?"

"आमचा रिवाज," अर्पित म्हणाला. "पप्पा वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहितात. मी प्रोजेक्टच्या पहिल्या फाइलला तेच नाव देतो."

श्रीखाली 'शुभलाभ' नावाचं फोल्डर होतं. त्याखाली कामाची फोल्डरं सुरू होत होती. कामिनीने मनातल्या मनात नमस्कार केला आणि पुढे गेली. ही तिची त्या दिवसातली एकमेव चूक, आणि तीही धार्मिक.

"भूषणवर संशय का?"

"सरळ आहे! अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, भूषण रुजू झाला. आखाजीला त्याने सगळ्यांच्या एडिटरमध्ये एक जोडणी घातली. कोणती ओळ कोणी लिहिली ते शेजारी दाखवणारी. आणि आखाजीपासूनच गिट आजारी."

"ती जोडणी काढून बघितली?"

"काल सगळ्यांनी काढली."

"मग?"

अर्पितने घसा साफ केला. "मुळं राहिली असतील."

कामिनीने एडिटर बंद केलं. काळी खिडकी उघडली, जिथे गिटशी मध्यस्थाशिवाय बोलता येतं, आणि विचारलं: काय काय बदललं?

डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तसंच. मग शेजारच्या संगणकावर, तिसऱ्या संगणकावर. एडिटर बंद, की गिट हरणासारखं. एडिटर उघडलं, की चक्र.

"शेठ," ती अर्पितकडे वळून म्हणाली, "नारळ जरा लांब ठेवा. हा खूनच नाहीये. गिट ठणठणीत आहे. एडिटरच्या आत कोणीतरी त्याचा गळा धरून बसलंय."

३

तिने जबान्या एकेकट्याच्या घेतल्या. ऑफिसात एकच खोली असल्यामुळे बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं ठरलं.

पहिली विधी. अर्पितची चुलत बहीण, प्रोग्रामचे पडदे सजवायचं काम तिच्याकडे.

"मी काहीच केलं नाहीये. म्हणजे केळीचे फोटो टाकलेत. मोठे आहेत थोडे."

"किती मोठे?"

"केळीवरचे ठिपके मोजता येतात."

"कधी टाकले?"

"आखाजीला."

दुसरे प्रेमराजभाऊ. ऑफिसातले सर्वांत जुने, आणि आयुष्यात काहीही न टाकून देणारे. गिटमध्ये कोडच्या वेगवेगळ्या फांद्या ठेवता येतात, काम झालं की छाटायच्या असतात. प्रेमराजभाऊंनी एकही छाटली नव्हती. नावं अशी: 'शेवटची', 'खरंच शेवटची', 'जेवणाआधी', 'जेवणानंतर बघू'.

"या एवढ्या कशाला, भाऊ?"

"असू द्या, ताई. कधी काय लागेल सांगता येतं का?"

"आखाजीला तुम्ही काय नवीन केलं?"

"खुर्ची घेतली." त्यांनी खुर्ची गर्रकन फिरवून दाखवली.

"इथे सगळं आखाजीलाच होतं का हो?"

"मुहूर्त!" तिन्ही पाठी एकदम बोलल्या.

"आमच्याकडे नवीन काही असलं की आखाजी नाहीतर दसरा," अर्पित पाठमोराच म्हणाला. "मध्ये आम्ही नवा झाडूसुद्धा काढत नाही."

कामिनी हसली. "म्हणजे भूषण, जोडणी, फोटो, खुर्ची, सगळ्यांचा जन्म एकाच दिवसाचा. मग 'आखाजीपासून' या शब्दाला साक्षीदार म्हणून काय किंमत? तुमच्या हिशोबाने खुर्चीलाही नारळ द्यायला पाहिजे."

प्रेमराजभाऊंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"विधीचे फोटो जड आहेत, भाऊंच्या फांद्यांचं जंगल आहे," कामिनी पुढे म्हणाली, "पण त्यांच्यामुळे गिट मंद झालं असतं, तर काळ्या खिडकीतही झालं असतं. तिथे ते पळतंय. म्हणजे दोघं सुटले. भूषणची जोडणी दोषी असती, तर ती काढल्यावर चक्र थांबलं असतं. तोही सुटला."

"मग उरलं कोण?" अर्पितने विचारलं.

कामिनीने खोलीत नजर फिरवली. एक जण उरला होता, पण तो तिची फी देणार होता. पुरावा हातात येईपर्यंत तिने नजर छताला लावली. "चक्र कधीच थांबत नाही का? एकदाही?"

"थांबतं की," प्रेमराजभाऊ म्हणाले. "माझ्या सासऱ्यांचा फोन आला की."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. सासऱ्यांचा फोन आला की गिट पळतं. मी तर सगळ्या नोंदी तेव्हाच करून घेतो. फार शुभ माणूस. आम्हीच त्यांना आजवर ओळखलं नाही."

"येईल आज फोन?"

"दुपारी येतो बहुतेक."

कामिनीने पर्समधून भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढली, खुर्ची चक्रासमोर ओढली आणि म्हणाली, "वाट बघू."

४

शेंगदाणे संपत आले तेव्हा प्रेमराजभाऊंचा मोबाइल वाजला. पाचही जणांनी स्क्रीनकडे पाहिलं.

चक्र थांबलं होतं.

अर्पितने आधी चक्राकडे पाहिलं, मग प्रेमराजभाऊंकडे, मग नारळाकडे. "भाऊ, तुमचे सासरे हॅकर आहेत?"

"ते पुना पाटील आहेत," प्रेमराजभाऊ घाबरून म्हणाले. "त्यांच्याकडे मोबाइलही बटणांचा आहे."

"स्पीकरवर घ्या," कामिनी म्हणाली.

फोनमधून आवाज फुटला. "जावईबापू! तुमच्याकडे लाईट हाये का?"

"आहे, आबा."

"आमच्याकडे गेली पाहा. उन्हाने जीव चालला. तुम्ही बसा मजेत पंख्याखाली!" आणि फोन बंद झाला.

"रोज हेच," प्रेमराजभाऊ ओशाळून म्हणाले. "लाईट गेली की त्यांना माझी आठवण येते."

"आबा राहतात कुठे?"

"रावेरला."

कामिनी ताडकन उठली. शेंगदाण्याची टरफलं चारी दिशांना उडाली. सासरे नव्हे, लाईट! रावेरला लाईट गेली की जळगावात गिट पळतं. आणि या ऑफिसचं रावेरमध्ये एकच काहीतरी होतं.

"कॅमेरा!" भूषण ओरडला.

"अशक्य," अर्पित म्हणाला. "कॅमेऱ्याला बॅटरी आहे. लाईट गेली तरी तो चालूच राहतो. मीच बसवलाय, आखाजीला."

कामिनीने पुन्हा चक्राकडे पाहिलं. ते पुरतं मेलं नव्हतं. मधूनच जागं होऊन एखादी फेरी मारी आणि परत झोपी जाई.

"शेडमध्ये कोण असतं?"

"अभिमन नाना."

"लावा व्हिडिओ कॉल."

५

मोबाइलच्या पडद्यावर आधी एक कान आला, मग अभिमन नाना आले. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, मागे हिरव्या घडांचे ढीग आणि खोके भरणारी माणसं.

"राम राम. कोन पाह्यजे?"

"राम राम नाना, मी कामिनी, धुळ्याची. काम चालू आहे?"

"चालू हाये ना. लाईट नाही, पन केळी काय लाईटवर पिकते?"

"दिवसाला किती ट्रक भरता?"

"एक. लय झालं तर दोन. का बरं?"

कामिनीने मान वळवून भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलं. बारा लाख खोके. आखाजीपासून एवढे खोके बाहेर पडायचे तर नानांच्या दारात रात्रंदिवस ट्रकांची रांग लागली असती, आणि ती मागे बऱ्हाणपुरापर्यंत गेली असती. अर्पितचा ऊर जरा कमी भरला.

"नाना, एक खोका कॅमेऱ्यापुढे ठेवा. ठेवलात की सांगा."

"हा ठेवला."

चक्राने एक फेरी मारली आणि ते थांबलं.

"दुसरा."

"हा घ्या."

एक फेरी. विधीच्या हातातला पेन खाली पडला.

"खोक्याला एक फेरी, बरोबर," कामिनी पुटपुटली. "मग लाईट असताना हे वेड्यासारखं का फिरतं? नाना, लाईट गेल्यावर तुमच्याकडे काय काय बंद पडतं?"

"बल्ब बंद पडते. पंखा बंद पडते. अन् तो बन्सीलाल बंद पडते." त्यांनी मोबाइल फिरवला. खोक्यांच्या थप्पीवर एक माणूस घोरत होता. तेवढ्यात शेडमध्ये गलका झाला. "आली, आली! लाईट आली!"

जळगावात चक्र भिंगरीसारखं सुटलं.

"नाना! बल्ब बंद करा."

बल्ब गेला. चक्र फिरतच होतं.

"आता पंखा."

उभ्या पंख्याची घरघर थांबली. चक्र अडखळलं, दोन-चार फेऱ्या रेंगाळलं आणि थांबलं.

"चालू करा."

चक्र सुटलं.

"बंद."

थांबलं.

"कायले खेळता बाई गरिबाच्या पंख्याशी?" नाना म्हणाले. "माह्या अंगाले घाम सुटला."

"शेवटचंच. पंखा लावा, आणि मला कॅमेऱ्याचं तोंड दाखवा."

मोबाइल वर गेला. खांबावर एक छोटा कॅमेरा होता. त्याला कुंकवाचं बोट लावलेलं होतं, सुकलेला हार होता, आणि त्याच्या बरोबर डोळ्यापुढे, काळ्या दोऱ्याला सात मिरच्या आणि एक टपोरं लिंबू, पंख्याच्या वाऱ्यावर झोके घेत होतं.

"नवीन यंत्र हाये ना," नाना अभिमानाने म्हणाले. "नजर लागली तर? दर शनिवारी ताजं बांधतो मी. एक शनिवार सोडला नाही."

६

"सगळे बसा," कामिनी म्हणाली. सगळे बसलेलेच होते, म्हणून ते एकदा उठून पुन्हा बसले.

"हा कॅमेरा काही हललं की फोटो काढतो. नानांचं लिंबू आखाजीपासून हलतंय. भिंतीवरचे बारा लाख खोके खोके नाहीत. ती एका लिंबाची ये-जा आहे."

अर्पितने पडद्याकडे पाहिलं. हिरव्या आकड्यातली शोभा गेली होती.

"आता पुढचं. हे फोटो रावेरहून येतात ते पडतात कुठे?" तिने माउस सरकवला. श्रीच्या खालचं फोल्डर. शुभलाभ. तिने ते उघडलं, आणि स्क्रीन लिंबांनी भरली. ताजी लिंबं, सुकत आलेली लिंबं, डावीकडून येणारी, उजवीकडे जाणारी. खाली खाली सरकत गेलं तरी लिंबंच. मधूनच कुठेतरी एखादा बिचारा खोका.

"आम्हाला वाटलं पूजेचं आहे," विधी म्हणाली.

"मी तर रोज सकाळी त्या नावाला हात जोडून कामाला लागायचो," प्रेमराजभाऊ म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तर कोणी उघडलं नाही. आता गिटचं ऐका. एडिटर हा राखणदार आहे. घरात पान हललं तरी तो गिटला उठवतो: बघ बरं, काही बदललं का? गिट सगळं घर तपासतं आणि म्हणतं, नाही. तोवर दुसरं पान हललेलं असतं. हे फोल्डर प्रोजेक्टच्या आत आहे. लिंबू हललं, फोटो आला, राखणदाराने गिटला उठवलं. पुन्हा लिंबू, पुन्हा फोटो. बिचारं दिवसभर घर तपासत बसलंय. अशात तुम्ही नोंद करायला गेलात की ते म्हणणार, थांबा, आधी हे उरकू द्या. राखणदारच नसला, म्हणजे एडिटर बंद असलं, की ते शांत."

"पण गिटच्या बदलांच्या यादीत हे फोटो कधीच दिसले नाहीत," भूषण हळूच म्हणाला.

"शाब्बास. कारण कोणीतरी गिटला सांगून ठेवलंय, शुभलाभकडे बघू नकोस. गिटने ऐकलं. राखणदाराला मात्र ते कोणी सांगितलंच नाही."

"कोणी सांगितलं गिटला?" अर्पितने आवाज चढवला. "भूषणनेच असणार! आखाजीला हाच तर..."

"तेही विचारू. मयताचीच जबानी घेऊ." कामिनीने काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली. ही ओळ कोणी घातली, असा साधा प्रश्न. गिट हे विसरत नाही.

उत्तर तत्काळ आलं. तिथे एकच नाव होतं.

अर्पित.

खालच्या दुकानातून डाळ ओतल्याचा आवाज येत होता.

"पप्पा म्हणतात," अर्पित अखेर म्हणाला, "दुकानाचा माल दुकानाबाहेर ठेवायचा नाही. म्हणून मी फोटो प्रोजेक्टच्या आतच घेतले. सगळ्यांच्या मशिनवर. मुहूर्तावर. नाव पण चांगलं दिलं."

"नाव फारच चांगलं दिलंत," कामिनी म्हणाली. "त्याच्याआड कोणी बघितलंच नाही."

अर्पितने नारळाकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच नारळ त्याच्याकडे बघत होता. शपथ त्याचीच होती, शब्दही त्याचेच: मग तो कोणीही असो. त्याने नारळ उचलला, चपला घातल्या, आणि मान खाली घालून घरी गेला.

घर वरच्या मजल्यावर होतं. जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग काहीतरी फोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो ताटलीत खोबऱ्याचे तुकडे घेऊन परत आला.

"आई म्हणाली, सगळ्यांना वाट. आणि त्या मुलाची माफी माग." त्याने ताटली आधी भूषणपुढे धरली. "भूषण, चुकलो मी. तुला कायम केलं."

भूषणचा हात खोबऱ्यापर्यंत जाऊन थांबला. "कधीपासून, शेठ?"

अर्पितची नजर सवयीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. पानं चाळली गेली. जून, जुलै, ऑगस्ट. "दसऱ्याला फार सुंदर..."

कामिनी नुसती त्याच्याकडे बघत राहिली. विधीही बघत राहिली. प्रेमराजभाऊंनी खुर्ची फिरवून बघितलं. मोबाइल अजून चालूच होता, त्यामुळे रावेरहून अभिमन नानाही बघत होते, आणि त्यांच्या मागे जागा झालेला बन्सीलाल.

"आत्तापासून," अर्पित म्हणाला, आणि त्या इमारतीत पहिल्यांदाच एक गोष्ट बिनमुहूर्ताची सुरू झाली. छत पडतं का, हे बघायला प्रेमराजभाऊंनी वर पाहिलं. छत जागेवर होतं.

मग भूषण कामाला बसला. फोटोंचं फोल्डर त्याने प्रोजेक्टच्या बाहेर हलवलं, आणि पुढेमागे कोणाला पुन्हा आत ठेवायचा मोह झाला तर म्हणून राखणदारालाही एका ओळीत सांगून ठेवलं: शुभलाभकडे बघू नकोस. रावेरला नाना स्टुलावर चढले आणि त्यांनी लिंबू कॅमेऱ्याच्या पुढून सोडून मागे बांधलं. नजर काय, मागूनही लागू शकते, हे त्यांना पटलं.

"आता कर नोंद," कामिनी खोबरं चावत म्हणाली.

भूषणने बटण दाबलं. प्रेमराजभाऊ सवयीने चहाला उठले होते. ते अर्धे उभे असतानाच नोंद होऊन गेली. त्यांना पुन्हा बसावं लागलं.

प्रत्येक नोंदीशेजारी, काय केलं ते एका ओळीत लिहायचं असतं. कायम नोकरीतल्या आपल्या पहिल्या नोंदीशेजारी भूषणने लिहिलं होतं:

"लिंबू मागे बांधलं. बाकी सगळं जागच्या जागी."